घायपाताची भावकी

मंडळी, आज एक शिळी बातमी. मिरजेच्या बाजारात टोपल्यांनी येणारी गुलछडी, म्हणजे आपला निशिगंध, २०२० सालापासून घायपात झाला आहे! विनोद नाही. नवरदेवाच्या हारातलं ते रात्री घमघमणारं फूल आणि बांधावरचं काटेरी केकताड, दोघांचं शास्त्रीय आडनाव आता एकच. निशिगंधाला इतकी वर्षं पॉलिअँथस ट्युबरोझा म्हणत. आता तो अगेव्ह अमिका. आणि घायपात तर लिनियसने १७५३ साली नाव ठेवलं तेव्हापासून अगेव्हच आहे.

पुढे जाण्याआधी शब्दांचा हिशेब करून टाकू, म्हणजे नंतर गोंधळ नको. वनस्पतिशास्त्रात जाती म्हणजे आपल्या घरातलं एकाचं नाव. अशा जवळच्या जातींची मिळून प्रजाती, म्हणजे आडनाव. आणि बऱ्याच आडनावांची मिळून जी होते ती भावकी. पुस्तकात तिला कुळ म्हणतात. पण पुढे कुळी नावाची भाजी येणार आहे, तेव्हा मी आपला भावकीच म्हणतो.

तर या भावकीचा वडीलधारा शतावरी. तिच्याच नावाने अख्खी भावकी ओळखली जाते. तिच्यातलं एक घराणं अगेव्हचं. त्यात घायपात आहे, निशिगंध आहे, बंगल्याच्या फाटकाशी तलवारीसारखी पानं परजून उभा असलेला युक्का आहे, आमच्या ऑफिसात प्रत्येक तिसऱ्या टेबलावर असलेला स्पायडर प्लांट आहे. आणि आहे मुसळी! तीच ती, काढ्या-चूर्णातली सफेद मुसळी आणि पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत घरोघरी खाल्ली जाणारी कुळीची भाजी. स्पायडर प्लांट आणि मुसळी तर सख्खे भाऊ, दोघांचंही आडनाव क्लोरोफायटम. पहिला दक्षिण आफ्रिकेचा, दुसरी आपल्या मातीतली.

माझा रोजचा धंदा डेटाबेसचा. कुठली नोंद कुठल्या टेबलात टाकायची यावर आयुष्याची बरीच वर्षं गेली. त्यामुळे असलं काही वाचलं की पहिला प्रश्न पडतो तो हा की आधीच्या लोकांनी कुठल्या कॉलमवरून गट पाडले होते?

आधीचा कॉलम होता अंडाशयाचा. फुलाच्या पाकळ्या जिथे चिकटतात त्याच्या वर अंडाशय असेल तर झाड लिलीच्या भावकीत, खाली असेल तर अ‍ॅमॅरिलिसच्या. थिओडोर कुक नावाचे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. आजही आपल्याकडचे वनस्पतिशास्त्रज्ञ तो उघडल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्यातली मांडणी ही अशीच. मुसळी लिलीत आणि घायपात अ‍ॅमॅरिलिसमध्ये. युक्काचं अंडाशय वर, म्हणून तोही लिलीत. म्हणजे दिसायला, वागायला जुळे वाटणारे युक्का आणि घायपात वेगवेगळ्या घरात!

मग १९३३ साली सुसान मॅकेल्वी आणि कार्ल सॅक्स या दोघांनी युक्का आणि अगेव्हची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. दोघांच्याही एका संचात बरोबर ३० गुणसूत्रं. त्यातली पाच ठसठशीत मोठी, पंचवीस बारीक. इतका विचित्र नमुना दोन ठिकाणी योगायोगाने येणं अवघड. पुढच्याच वर्षी हचिन्सन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने दोघांना एका घरात आणलं. मुसळीकडे ही तीसची खूण नाही, त्यामुळे ती बाहेरच राहिली. १९९० नंतर डीएनए वाचून नाती लावायला सुरुवात झाली तेव्हा तिचंही नातं निघालं. २००९ साली जी सर्वमान्य मांडणी प्रसिद्ध झाली तिच्यात ही सगळी मंडळी शतावरीच्या छताखाली आली.

इथपर्यंत ठीक. पण माझी गाडी अडली ती पुढच्या प्रश्नावर. भावकी कळली, पण घरातली माणसं किती? म्हणजे जाती किती? आणि एक जात कुठे संपते, दुसरी कुठे सुरू होते, हे कोण ठरवतं? या भावकीतल्या तीन जणांकडे या प्रश्नाची तीन अगदी वेगळी उत्तरं आहेत. म्हणूनच हा लेख.

पहिलं उत्तर घायपाताचं.

आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, म्हणजे दुष्काळी पट्ट्यातलं. तिकडे घायपात कुणी म्हणत नाही, केकताड म्हणतात. पूर्वी त्याची पानं तोडून, पाण्यात कुजवून, आपटून वाख काढत. त्याचे कासरे, दावी, मोटेचे नाडे वळत. गावोगावच्या मातंग समाजातल्या कुटुंबांची ती कला. बेंदराला बैलाच्या अंगावर नवा कासरा, नवी म्होरकी हवीच, त्यामुळे आषाढ आला की त्यांना मान वर करायला सवड नसे. पुढे नायलॉन आलं, ट्रॅक्टर आला आणि केकताड नुसतं बांधाला राखण म्हणून उरलं.

माझे चुलते, आप्पा, यांनी हे सगळं बघितलेलं. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा मी बांधाबांधाने फिरून केकताडाचे फोटो काढत होतो. कुठे पानाला पांढरी कड, कुठे काटा बारीक, असं काही सापडतंय का ते बघत. आप्पा शांतपणे तंबाखू मळत म्हणाले,

"आरं, केकताड ते केकताड. एक बगितलं का समदी बगितली. त्यात काय शोधतूयास?"

आता गंमत बघा. आप्पांचं हे वाक्य वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ तंतोतंत बरोबर आहे. आपल्याकडे बांधांवर घायपाताच्या तीन-चार जाती दिसतात. अमेरिकाना, सिसलाना, कँटाला वगैरे. सगळ्या मूळच्या मेक्सिकोच्या बाजूच्या. पण त्या एका जातीच्या आत बघायला गेलात तर फरक जवळपास शून्य. कारण त्या बियांपासून वाढतच नाहीत म्हटलं तरी चालेल. बुडातून पिल्लं फुटतात, नाहीतर आयुष्यात एकदाच जो उंच दांडा येतो त्यावर हजारोंनी छोटी रोपं धरतात, खाली पडतात, रुजतात. सिसलानामध्ये गुणसूत्रांचे पाच संच आहेत, त्यामुळे बी धरायची यंत्रणाच मोडलेली. प्रत्येक रोप म्हणजे आईची कॉपी. आमच्या भाषेत कंट्रोल सी, कंट्रोल व्ही!

याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण आफ्रिकेत आहे. १८९३ साली रिचर्ड हिंडॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने फ्लोरिडाहून सिसलानाची हजार रोपं मागवली. आजच्या टांझानियात पोचून जगली फक्त ६२. त्या ६२ रोपांच्या पिल्लांवर पुढे तिथला अख्खा वाखाचा उद्योग उभा राहिला. लाखो एकर शेती आणि मूळ रोपं एका छोट्या वाफ्यात मावतील एवढी. अशा झाडाला नाव देणं सोपं. फरकच नाही तर भांडण कशाचं? पण एखादा रोग आला आणि एकाला लागला की सगळ्यांना लागणार हेही ओघाने आलंच.

दुसरं उत्तर जंगली युक्काचं. आणि ते बरोब्बर उलट आहे.

मुळात युक्का हे नावच गैरसमजातून आलेलं. सोळाव्या शतकाच्या शेवटी जॉन जेरार्ड या इंग्रज बागवानाला वाटलं की आपल्या बागेतलं झाड म्हणजे वेस्ट इंडीजमधला युका. युका म्हणजे कसावा, ज्याचा आपण उपासाला साबुदाणा खातो तो! लिनियसने तेच नाव पुढे चालू ठेवलं आणि नाव एकदा रुळलं की रुळलं. (आमच्याकडेही जुन्या कोडमध्ये चुकीच्या स्पेलिंगची फंक्शनं वीस-वीस वर्षं सुखाने नांदतात. नाव बदलायला गेलं तर बाकीचं कोसळतं.)

अमेरिकेच्या कोरड्या भागात युक्काच्या चाळीस-पन्नास जाती आहेत. किती, ते नक्की कुणाला विचारता त्यावर अवलंबून. गुणसूत्रं पाहणाऱ्या त्याच मॅकेल्वीबाईंनी नैर्ऋत्य अमेरिकेचं वाळवंट पिंजून काढलं आणि १९३८ व १९४७ साली युक्कावर दोन मोठे ग्रंथ लिहिले. त्यांच्या नजरेला बारीक फरक दिसत आणि फरक दिसला की त्या वेगळं नाव देत. त्यानंतर १९५३ साली वेबर यांनी याच झाडांवर पुस्तक लिहिलं आणि त्यातले बरेच फरक संकराचे आहेत, शेजारच्या जाती एकमेकांत मिसळल्याचे आहेत, असा सूर लावला. दोघंही तीच झाडं बघत होते! अशा दोन स्वभावांची माणसं प्रत्येक शास्त्रात असतात. एक वाटण्या करणारे, दुसरे एकत्र कुटुंबवाले.

आता युक्कात एवढी भानगड का? कारण त्याचं बी धरण्याचं काम एका छोट्या पांढऱ्या पतंगाच्या हातात आहे. हा पतंग एका फुलातले पराग गोळा करून गोळी करतो, दुसऱ्या फुलात जाऊन अंडाशयात आपली अंडी घालतो आणि मग मुद्दाम ती गोळी फुलाच्या मुखाशी चेपतो. अळ्या थोडं बी खातात, उरलेलं झाडाचं. १८७२ साली एंगेलमन आणि रायली यांनी हे जगाला सांगितलं. आपल्याकडे साताऱ्या-सांगलीच्या बंगल्यांत युक्का फुलतो छान, पण त्याला सहसा शेंग दिसत नाही, कारण तो पतंग इथे नाही. म्हणजे आपल्याकडे युक्काचीही तीच घायपाताची गत. फांदी तोडा, लावा, कॉपी करा.

पण त्याच्या मुलखात हा पतंगच जातीच्या सीमा आखतो. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या वाळवंटातला जोशुआ ट्री हा युक्काच. पश्चिमेकडची झाडं एकखोडी उंच, पूर्वेकडची बुटकी, लवकर फांद्या फुटणारी. हा नुसता हवापाण्याचा फरक असं वाटायचं. पण २००३ साली लक्षात आलं की दोन्हीकडचे पतंगही वेगळ्या जातींचे आहेत, आणि पुढे हेही दिसलं की ज्या बाजूचा पतंग मोठा त्या बाजूच्या फुलाची अंडाशयावरची नळी लांब! आज बरेच शास्त्रज्ञ त्या झाडांच्या दोन जाती मानतात. नेवाडात एका खोऱ्यात दोन्ही एकत्र वाढतात आणि त्यांचा संकरही होतो, तो वेगळाच.

हे सगळं अभ्यासकांच्या घरचं भांडण आहे असं वाटत असेल तर पुढचं ऐका. २०२३ साली कॅलिफोर्नियाने जोशुआ ट्रीच्या संरक्षणाचा कायदा केला. तो फक्त पश्चिमेकडच्या जोशुआ ट्रीसाठी आहे. कुणीतरी पानं, फुलं, पतंग मोजत बसलं, त्यातून दोन नावं झाली आणि त्यातल्या एका नावामागे कायदा उभा राहिला. नाव नसतं तर कायद्यात लिहिलं काय असतं?

आणि आता तिसरं उत्तर. आपल्या मुसळीचं.

सातारा आणि सांगली हे जिल्हे पावसाच्या बाबतीत म्हणजे नकाशावर कुणीतरी मुद्दाम मांडलेला प्रयोग आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून गाडीने तीन तासांवर माण, आणखी पुढे आटपाडी, जत. तिथे जेमतेम चार-पाचशे. एवढ्या अंतरात बारापट फरक! शिवाय पश्चिमेकडे कास, चाळकेवाडी, सडावाघापूर अशी जांभ्या दगडाची उघडी पठारं. वर बोटभर माती. पावसाळ्यात तुडुंब पाणी, मार्चमध्ये तवा. दोन पठारांच्या मध्ये खोल दऱ्या आणि दाट झाडी. पठारावरच्या बारक्या झाडाला ती दरी म्हणजे समुद्रच. प्रत्येक पठार एक बेट.

अशा जागी मुसळी कशी जगते बघा. युक्का आणि घायपात दुष्काळाला तोंड देतात ते जमिनीच्या वर, जाड पानांत पाणी भरून. मुसळी तेच काम जमिनीखाली करते. मुळं फुगवून त्यात शिधा ठेवायचा, पहिल्या वळवाला पानं काढायची, पावसाच्या पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत फुलून बी टाकायचं आणि पाऊस सरला की वरचा सगळा पसारा सोडून देऊन पुन्हा आठ महिने झोप. शिधा साठवायचा हा भावकीचा जुना धंदा, फक्त इथे दुकान तळघरात.

जगात क्लोरोफायटमच्या दोनशेच्या आसपास जाती आहेत, बहुतेक आफ्रिकेत. भारतात वीसच्या आगेमागे, त्यातल्या बऱ्याच पश्चिम घाटात. नावं ऐकण्यासारखी आहेत. बोरिव्हिलिअनम ही मुंबईच्या बोरिवलीवरून, आणि बाजारातली खरी सफेद मुसळी तीच. भरुची ही प्रा. भरुचा यांच्या नावाने. २००० नंतर शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्हापूरवरून कोल्हापुरेन्स, सह्याद्रीतल्या गोठण्यावरून गोठणेन्स अशा आणखी जाती नोंदवल्या. म्हणजे आपल्या अंगणातल्या भाजीच्या भावंडांची नावं ठेवायचं काम या शतकातही चालूच आहे!

पण ही नावं ठेवणं सोपं का नाही, ते मला पुस्तकातून नाही, स्वयंपाकघरातून कळलं.

माझी सासुरवाडी जावळीतली. मिरगाचा पाऊस झाला की तिकडे कुळी येते. कोवळी पानं खुडून आणायची, मातकट असतात म्हणून चार पाण्यांतून धुवायची, मधला कडक भाग काढून टाकायचा आणि बारीक चिरून कांदा-डाळीबरोबर परतायची. सासूबाईंना मी मामी म्हणतो. एकदा त्या भाजी निवडत होत्या तेव्हा मी विचारलं, "मामी, ही कुळीच आहे हे ओळखता कशावरून? गवतासारखीच तर दिसते. रानकांद्याची पानं पण अशीच असतात, आणि तो तर विषारी."

"जावईबापू, रानकांद्याला खाली कांदा असतो. हिला नसतो. आन् पान हातात धरलं की कळतंच की."

"पण फूल आल्यावर बघितली तर नक्की कळेल ना?"

"फूल आल्यावर कोण खातंय? निबर होती ती. आमची वळख फुलाच्या आधीच."

हे ऐकून मी थक्क झालो. कारण वनस्पतिशास्त्रज्ञाची ओळख बरोबर तिथून सुरू होते जिथे मामींची संपते! त्यांना फूल हवं. फुलाचा देठ मधे कुठे सांध्यासारखा जोडलेला असतो, तो सांधा मध्याच्या वर आहे की खाली. परागकोश आणि त्याचा दांडा यांत लांब कोण. एका पेरावर फुलं किती. बोंडाच्या कडा कशा. आणि फूल तर एका दिवसाचं. ते वाळवून कागदावर चिकटवलं की निम्म्या खुणा गेल्या. मुळं खणून आणली नसतील तर उरलेल्याही गेल्या.

तिसरा माणूस म्हणजे मुळं विकत घेणारा. त्याला पानाशी देणंघेणं नाही आणि फुलाशीही. त्याला मूळ जाड आहे की बारीक, सोलल्यावर पांढरं निघतं की नाही, एवढंच हवं. बोरिव्हिलिअनमची मुळं बुडातूनच झुपक्याने फुगलेली. भाजीवाल्या ट्युबरोझममध्ये बारीक मुळाच्या टोकाला गाठ लोंबते. बाजारात तर मुसळी हा शब्द त्याहून सैल. काळी मुसळी म्हणतात ती या भावकीतलीच नव्हे. आणि सेमल मुसळी म्हणजे चक्क काटेसावरीच्या कोवळ्या रोपाचं मूळ! मुळाचा आकार मुसळासारखा, बस्स, झाली मुसळी.

म्हणजे एकच झाड, आणि तिघांनी तीन ठिकाणी कापलेलं. पान, फूल, मूळ. तिघांचीही वर्गवारी आपापल्या कामापुरती चोख. पण निसर्गातला फरक या तिन्ही ठिकाणी सारखा नसतो. एका पठारावरची मुसळी दुसऱ्या पठारावरच्या मुसळीहून पानात निळसर दिसेल, पण फूल तेच. आणखी कुठे पान तेच असेल आणि देठाचा सांधा सरकलेला असेल. मग ही एक जात की दोन? निळसर पान हे तिथल्या उन्हापाण्याचं की रक्तातलं?

याला एक जुना, साधा, पण वेळखाऊ उपाय आहे. १९२०च्या सुमारास स्वीडनमध्ये ट्युरेसन नावाच्या शास्त्रज्ञाने तो वापरून दाखवला. वेगवेगळ्या ठिकाणची रोपं आणून एकाच बागेत, एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवायची. फरक पुसला गेला तर तो जागेचा होता. टिकला तर तो वंशाचा. आमच्या भाषेत सांगायचं तर तोच प्रोग्रॅम एकाच मशीनवर चालवून बघायचा, म्हणजे बग मशीनचा की कोडचा ते कळतं. नुसते सुकवलेले नमुने बघून हे कळत नाही.

आता कुणी म्हणेल, बाबा रे, तुला शनिवार-रविवारी दुसरं काम नाही. एक जात की दोन, कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली शेतकऱ्याची. २०००च्या आगेमागे सफेद मुसळीच्या लागवडीची एक लाटच आली होती. आमच्या पाव्हण्यांपैकी एकाने अर्धा एकर लावली. बेणं सोन्याच्या भावाने आणलं. काढणीला निघालं काय, तर काही रोपांना बोटाएवढी मुळं आणि बऱ्याच रोपांना नुसते दोरे, टोकाला गाठी. बेण्यातच दोन-तीन प्रकारची मुसळी मिसळलेली! विकणाऱ्याने सगळ्याला सफेद मुसळी म्हटलं होतं आणि ते तसं खोटंही नव्हतं. बाजाराच्या भाषेत सगळीच मुसळी. माल परत घ्यायचं वचन देणारे त्यानंतर दिसलेच नाहीत. अर्ध्या एकराचं कर्ज मात्र पुढची तीन वर्षं दिसत राहिलं.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. जंगलातली मुसळी मुळासकट उपटूनच न्यावी लागते. बी टाकायच्या आधी उपटली की तिथला वंश संपला. शिवाय पठारांवर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी रस्ते झाले, रिसॉर्टं झाली. एखाद्या पठारावरची मुसळी संपली तर आपण काय म्हणतो? "मुसळी काय, सगळीकडे आहे." घायपाताबद्दल हे वाक्य खरं आहे. एका बांधावरचं केकताड गेलं तर शेजारच्या बांधावर त्याची हुबेहूब कॉपी आहे, हवं तर पिल्लू आणून लावा. पण मुसळी बियांतून वाढते, पठारापठारावर वेगळी होत जाते. तिथे गेलेल्याची कॉपी शेजारी नसते. आप्पांचं "एक बगितलं का समदी बगितली" हे केकताडाला लागू आहे, मुसळीला नाही. आणि आपण नेमका केकताडाचा नियम मुसळीला लावून बसलोय.

२००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात वनस्पतीचं स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव लिहायला जागा असते. स्थानिक नावासमोर "मुसळी" आणि शास्त्रीय नावासमोर रिकामी रेघ, असं झालं तर त्या गावच्या पठारावर वेगळी कुठली मुसळी होती की नव्हती, हे उद्या कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या धंद्यात आम्ही म्हणतो की ज्या कॉलममध्ये डेटा भरलेला नाही त्यावर क्वेरी चालत नाही. इथे तर डेटा भरायच्या आधीच मूळ प्रत नाहीशी व्हायची भीती.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये, आंबोळी-घाटणं-धबधबे हे सगळं करून झालं की, एखाद्या पठाराच्या कडेला जरा खाली वाका. गवतात पांढऱ्या, सहा पाकळ्यांच्या चांदण्यांचा तुरा दिसेल. सकाळी जा, दुपारनंतर फूल मिटतं. राखीव जागेत काय आणि बाहेर काय, मुळाला हात लावायचा नाही. फोटो मात्र चार घ्या. पूर्ण झाड, पानाचं बूड, फूल समोरून, आणि फुलाचा देठ बाजूने, सांधा दिसेल असा. खाली तारीख आणि जागा लिहा, नुसतं "सातारा" नको, पठाराचं नाव लिहा. आणि शेजारच्या वाडीत एखादी मामी भेटली तर तिला विचारा की ती हिला काय म्हणते आणि खाते का. तेही लिहा.

असो. बराच लांबला लेख. कुणाच्या गावात कुळीला वेगळं नाव असेल, किंवा दोन प्रकारच्या कुळी वेगळ्या ओळखत असतील, तर मला जरूर कळवा. विशेषतः पाटण आणि शिराळ्याकडच्या मंडळींनी. तिकडचं मला फार थोडं माहीत आहे.